प्रोटॉन लिनॅकची कॅव्हिटी एवढी अचूक बनवतात, मग परत ट्यून का करावी लागते?

प्रश्न रास्त आहे, लिनॅक (प्रोटॉनला सरळ रेषेत वेग देणारं यंत्र) आणि त्यातली कॅव्हिटी (ठराविक फ्रिक्वेन्सीला रेडिओ लहरी घुमवणारा धातूचा पोकळ डबा) मायक्रॉनमध्ये मशीनिंग केल्यावर वर ट्यूनर कशाला. मी काही वर्षं हेच काम केलंय म्हणून सांगतो.

३५२ मेगाहर्ट्झला (जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचं लिनॅक४ आणि आपल्या बीएआरसीचं लेहिपा, हे दोन्ही प्रोटॉन लिनॅक ह्याच फ्रिक्वेन्सीवर) तांब्याचा साधा गोल डबा घेतला तर व्यास ६५ सेंटिमीटरच्या आसपास येतो. तांबं एक डिग्री तापलं की फ्रिक्वेन्सी ६ किलोहर्ट्झने उतरते, आणि अख्खी बँडविड्थच (ज्या पट्ट्यात कॅव्हिटी नीट घुमते तेवढी रुंदी) दहा-वीस किलोहर्ट्झची. एकदा जेवून आलो तर रीडिंग सरकलेलं, तासभर केबल तपासत बसलो, नंतर कळलं कोणीतरी एसी बंद केलाय! शिवाय टेबलावर मोजता तेव्हा आत हवा असते, ती काढून व्हॅक्यूम केला की फ्रिक्वेन्सी जवळपास १०० किलोहर्ट्झ वर जाते, तो हिशोब आधीच धरावा लागतो.

पण खरं सांगू, फ्रिक्वेन्सी जुळवणं हा सोपा भाग. डोकं खातं ते फील्ड, म्हणजे प्रोटॉनला ढकलणारं विद्युतक्षेत्र कॅव्हिटीत कुठे किती आहे ते. ड्रिफ्ट ट्यूब लिनॅकमध्ये कॅव्हिटीच्या आत एकामागे एक नळ्या आणि त्यांच्यात मोकळ्या गॅप असतात; फील्ड उलटं असतं तेव्हा प्रोटॉन नळीत लपलेला असतो आणि बाहेर येतो तो पुढच्या गॅपमध्ये बरोब्बर वेळेवर. हे गणित ठरलेल्या फील्डवर बसवलेलं, त्यामुळे एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असं चालत नाही.

ते बघायला बीड-पुल करतात. मासे पकडायच्या तंगुसासारख्या दोऱ्यात छोटा मणी ओवायचा, मोटरने सगळ्या नळ्यांमधून हळूहळू ओढायचा आणि नेटवर्क अ‍ॅनालायझर (कॅव्हिटीची फ्रिक्वेन्सी दाखवणारं मीटर) बघत बसायचं. जिथे इलेक्ट्रिक फील्ड जास्त तिथे फ्रिक्वेन्सी जास्त खाली बसते, त्यावरून फील्डचा आलेख मिळतो. दोरा थरथरला की आलेख गेला, परत पहिल्यापासून.

मग ट्यूनर, म्हणजे भिंतीतून आत सरकणारे धातूचे ठोकळे. भिंतीलगत चुंबकीय फील्ड जोरात असल्यामुळे ठोकळा आत ढकलला की फ्रिक्वेन्सी चढते, पण त्याच वेळी तिथलं फील्ड उतरतं आणि पलीकडच्या टोकाचं वाढतं, म्हणजे एक हलवला की बाकीचेही हलवा. आधी हे सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या तात्पुरत्या ठोकळ्यांवर करतात, लांब्या नक्की झाल्या की तेवढेच तांब्याचे कापून कायमचे बसवतात. कापायच्या आधी मी प्रत्येक आकडा तीनदा वाचायचो, कारण जास्त कापलं गेलं तर तांबं काही परत वाढत नाही.