चौराह्यावर थांबणाऱ्या भाचीस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रात्री ऑफिसातून परतताना इंदूरच्या पलासिया चौराह्यावर तू लाल दिव्याला थांबतेस, मागचे हॉर्न वाजवत बाजूने निघून जातात, पोलीस कुठेच नसतो. ‘मावशी, मी एकटीनेच नियम पाळून काय होणार?’ असं तू विचारलंस.

तुझ्या एकटीमुळे चौराहा सुधारणार नाही. पण तुझा दिवा लाल असतो तेव्हा समोरच्या कुणाचा तरी हिरवा असतो, आणि तो निर्धास्त निघतो तो तुझ्या भरवशावर. पोलीस तिथे नाही हे त्या बिचाऱ्याला कुठे माहीत असतं? म्हणून तू थांबतेस ते बरोबरच आहे. (उशिरा नुसता पिवळा लुकलुकत असेल तर थांबून राहायची गरज नाही, वेग कमी करून, दोन्हीकडे बघून निघ.)

नियम पोलिसासाठी पाळायचा अशी समजूत झाली की काय होतं, ते 1 ऑगस्ट 2025 पासून आपण इंदूरमध्ये पाहिलं. हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, असा हुकूम निघाला. लोक पंपावर शेजारच्याचं हेल्मेट मागून घालायचे, टाकी भरली की परत करायचे. एकाने तर दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवलं. त्याचा व्हिडिओ बघून सगळे हसले, मला मात्र पोटात कालवलं. पंपाबाहेरच्या रस्त्यावर ते डोकं उघडंच होतं ना!

आणि याच शहराने कचऱ्याच्या बाबतीत वेगळं करून दाखवलं. 2017 साली आपण देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिले आलो आणि पुढे वर्षानुवर्षं ती जागा सोडली नाही. दंड होताच, पण माझ्या मते खरं काम केलं ते रोज सकाळी दारात येणाऱ्या गाडीने. आमच्या गल्लीत गाडीवरचा माणूस डबा उलटा करण्याआधी आत डोकावतो. ओल्यात प्लास्टिकची पिशवी दिसली की डबा तसाच परत. ‘ताई, अलग करके दो.’ शेजारणींसमोर असं दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा हात आपोआप दुसऱ्या डब्याकडे जातो.

पण कोबीच्या पाल्याखाली फुटका ग्लास दडवला तर त्यालाही दिसत नाही. हा ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो. 2022 साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला 550 टनांची आहे, त्यातून गॅस होतो. तिथे पोचण्याआधी ती काच कुणाच्या तरी बोटात घुसते. त्या बोटांची काळजी आपण आपल्या ओट्यापाशीच घ्यायची, तिथे दुसरं कुणी बघायला नसतं.

आता तुझ्यापुरतं. थांब, पण कुणाशी वाद घालू नकोस, रात्री तर मुळीच नाही. आरसा बघत राहा, थांबण्याच्या रेषेच्या अलीकडे, डावीकडे उभी राहा. हॉर्न वाजतील, वाजू देत.

भांडायचंच असेल तर ते कागदावर भांड. दिवाच बंद पडला असेल, खांबावरची तार लोंबत असेल, तर 181 वर, म्हणजे मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार कर आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेव. खालच्या अधिकाऱ्याने काही केलं नाही तर तक्रार वर सरकते, अशा चार पायऱ्या आहेत. त्यातूनही कळलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. काम न होताच तुला फोन येईल, ‘मॅडम, समाधान झालं म्हणा, आमच्यावर वरून दबाव आहे.’ बोलणारा गयावया करेल, तुला त्याची दया येईल. त्याच्याशी गोड बोल, पण काम झालं नसेल तर ‘झालं’ म्हणू नकोस. तुझ्या त्या एका होकाराने तक्रार कागदावर मिटते आणि तार तशीच लोंबत राहते.

तुझी,
मावशी