हेल्मेट घालून, वेगमर्यादा पाळूनही मोटरसायकलवर सुरक्षित राहण्यासाठी आणखी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी पहिली मोटरसायकल घेतली, हेल्मेट न चुकता घालता, वेगमर्यादा पाळता, आणि तरीही दर एक-दोन दिवसांनी 'थोडक्यात वाचलो' असं होतं. त्या 'थोडक्यात वाचलो'बद्दलच बोलू या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मी सतरा वर्षं रोज मोटरसायकल चालवते. एकदा चांगलीच आपटले आहे. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे: आपण नियम पाळले म्हणजे काम संपलं असं होत नाही, समोरचा चुकणार हे गृहीत धरून त्याच्या चुकीपुरती जागा आणि वेळ आपल्याला हाताशी ठेवावी लागते.

माझा अपघात भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर झाला. वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास असेल. मी सरळ जात होते आणि समोरून आलेली एक कार चौकात वळण्यासाठी थांबली होती. चालकाने माझ्याकडे पाहिलं. नजरेला नजर मिळाली असं मला वाटलं आणि त्या भरवशावर मी वेग तसाच ठेवला. पुढच्याच क्षणी कार माझ्या वाटेत आडवी! घाबरून मी मागचा ब्रेक पूर्ण दाबला, मागचं चाक लॉक झालं, गाडी फरफटत गेली आणि मी कारच्या मागच्या दारावर आदळले. मनगट मोडलं. तो माणूस धावत आला. त्याचे हात थरथरत होते आणि तो पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होता, "अहो, खरंच दिसल्या नाहीत तुम्ही." तेव्हा मला ती सबब वाटली होती. आता वाटत नाही.

बरं झाल्यावर मी या विषयावर बरंच वाचलं. मोटरसायकल अपघातांचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅरी हर्ट यांनी केला होता. त्यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल आला. अभ्यास जुना आहे, त्या काळी मोटरसायकलींना एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) वगैरे नव्हतं, पण तो वाचताना मला माझाच अपघात वाचल्यासारखं झालं. सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झाले होते. अशा टकरींपैकी जवळजवळ दोन तृतीयांशांमध्ये पुढे जाण्याचा हक्क मोटरसायकलचा होता आणि दुसऱ्या वाहनाने तो मोडला होता. त्या चालकांनी मोटरसायकल पाहिलीच नव्हती, किंवा पाहिली तेव्हा फार उशीर झाला होता. सगळ्यात जास्त धोका चौकात. आणि अपघात बेफाम वेगानेच होतात ही आपली समजूत मोडणारी गोष्ट म्हणजे धोका समोर येण्याआधीचा मोटरसायकलचा मध्यक वेग (निम्म्या जणांचा वेग याहूनही कमी होता) ताशी ५० किलोमीटरपेक्षाही थोडा कमीच होता. चालवणाऱ्याच्या हाती, धोका कळल्यापासून धडक बसेपर्यंत, साधारणपणे दोन सेकंदही नव्हते.

दिवसाढवळ्या समोरची मोटरसायकल दिसत कशी नाही? एक तर कारच्या पुढच्या काचेच्या बाजूला जो खांब असतो, त्याच्या आड आपण गाडीसकट पूर्ण लपू शकतो. दुसरं, आपण त्याच्या दिशेने सरळ येत असतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांना आपण जागचे हलताना दिसत नाही, फक्त हळूहळू मोठे होत जातो, आणि मोटरसायकलसारखी अरुंद वस्तू मोठी होतेय हे शेवटच्या क्षणापर्यंत जाणवत नाही. लहान वस्तू आहे त्यापेक्षा लांब आणि सावकाश येतेय असंही माणसाला वाटतं. म्हणून आपल्याला बघूनसुद्धा 'आहे अजून वेळ' असा हिशेब करून तो वळतो. त्यात त्याची नजर ट्रक आणि कार शोधत असते. या सगळ्यात तो माणूस वाईट किंवा बेपर्वाच असतो असं नाही, आणि नेमकं म्हणूनच त्याच्या नजरेवर विसंबून चालत नाही.

आता मी काय करते ते सांगते. वळायला थांबलेली किंवा आडव्या रस्त्यातून तोंड काढलेली गाडी दिसली की मी चालकाचा चेहरा बघत नाही, तिचं पुढचं चाक बघते. चेहरा फसवतो. चाकाचा वरचा भाग गाडीपेक्षा दुप्पट वेगाने पुढे सरकतो, त्यामुळे गाडी वीतभर हलली तरी ते चाकावर आधी कळतं. तेवढ्यात ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, दोन बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर आलेली असतात, पाय मागच्या ब्रेकवर टेकलेला असतो. ब्रेक दाबायचा नाही, फक्त तयार राहायचं. बोटं आधीच लिव्हरवर असली तर अर्ध्या सेकंदापर्यंत वाचू शकतो, आणि ताशी ५० च्या वेगात अर्धा सेकंद म्हणजे सात मीटर, दीड कारइतकी लांबी. सोबत मी माझ्याच लेनमध्ये थोडी या कडेची त्या कडेला सरकते. वळवळ करायची नाही, सावकाश एकदाच, पण आरशात बघून. असं आडवं सरकणं समोरच्याच्या डोळ्यांत भरतं, सरळ येणं भरत नाही. दिवसाही हेडलाइट चालू ठेवते. डिपर मात्र देत नाही, कारण कुणी त्याचा अर्थ 'बाजूला व्हा' असा घेतो, तर कुणी 'जा तुम्ही आधी' असा घेऊन खुशाल वळतो.

हीच गोष्ट मोठ्या गाडीशेजारून जाताना. ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही आहात. त्या पट्ट्यात रेंगाळू नका. एक तर मागे राहा, नाहीतर झटकन पुढे निघा. ट्रकच्या अगदी मागे राहण्याचा आणखी एक तोटा असा की त्याच्या चाकांमधून येणारा खड्डा तुम्हाला फार उशिरा दिसतो.

अंतर किती ठेवायचं, हे मीटरमध्ये मोजत बसू नका. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. ते म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर अंतर कमी आहे. पावसात हेच दुप्पट करा. तुम्ही सोडलेल्या जागेत कुणीतरी घुसेल, दर वेळी घुसेल. घुसू द्या आणि पुन्हा अंतर वाढवा. दिवसभरात त्यात तुमची दोन-तीन मिनिटं जातील.

वेगमर्यादा पाळता हे छानच, पण वेगाचा एक हिशेब बघा. माणसाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असं धरू, आणि रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. ताशी ६० वरून थांबायला साधारण ३७ मीटर लागतात. ताशी ८० वरून जवळजवळ ५७. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. ज्या जागी ६० वाला पूर्ण थांबलेला असतो, त्याच जागी ८० वाला अजून ताशी ६० च्या आसपास धावत असतो. वेगाचा आकडा सव्वापट-दीडपट झाला की धडकेची ताकद त्याच्या वर्गाने वाढते. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा दोनदा तपासून पाहिला होता.

आता ब्रेक, आणि इथे मला तुम्हाला हाताला धरून मैदानावर न्यावंसं वाटतं. हर्ट यांच्या अहवालातही हेच आहे: ऐन वेळी लोक मागचा ब्रेक जास्त दाबून चाक लॉक करतात आणि पुढचा पुरेसा वापरत नाहीत. मी अगदी तेच केलं होतं. 'पुढचा ब्रेक दाबला की माणूस हॅंडलवरून उडतो' असं लहानपणी सायकल शिकताना कानावर पडलेलं असतं, ते मोटरसायकलवरही मनात राहतं. खरं तर ब्रेक लावला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त तो एकदम आवळायचा नाही. आधी थोडा दाबून गाडीचं नाक खाली बसू द्यायचं, मग जोर वाढवत न्यायचा, लिंबू पिळतो तसा. एबीएस असेल तर लिव्हर थरथरेल, तरी सोडायचा नाही. रिकामं, कोरडं, स्वच्छ मैदान बघा, हेल्मेट, हातमोजे, बूट सगळं घाला, ताशी ३० पासून सुरुवात करा, गाडी सरळ ठेवा, नजर लांब ठेवा, आणि वीसेक वेळा थांबा. मग ४०. दर महिन्याला अर्धा तास. घाबरलेल्या क्षणी डोकं काही ठरवत नाही, हाताला जी सवय असेल तीच होते.

त्याच मैदानावर चुकवून निघण्याचाही सराव करा. मोटरसायकल वेगात असताना डावीकडे न्यायची तर हॅंडलची डावी मूठ पुढे ढकलायची, गाडी डावीकडे झुकते. उजवीकडे न्यायची तर उजवी. ऐकायला उलटं वाटतं, पण दोन चाकांचं तसंच आहे, आणि नकळत तुम्ही रोज तेच करत असता. जाणूनबुजून करायला शिकलात की गाडी क्षणात बाजूला निघते. गाडी झुकलेली असताना मात्र जोरात ब्रेक नको. एक तर आधी ब्रेक मारून मग वळा, किंवा आधी चुकवून, गाडी सरळ झाल्यावर ब्रेक मारा. टायर रस्त्याला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी, तिला दोन्ही कामं एकदम पेलत नाहीत. आणि चुकवताना खड्ड्याकडे किंवा समोरच्या गाडीकडे टक लावून बघू नका. जिथे नजर तिथे गाडी जाते. जिथून निसटायचं आहे त्या मोकळ्या जागेकडे बघा.

वळणांचं थोडक्यात: वेग वळणाच्या आधी कमी करा, आणि जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल एवढाच ठेवा. खडी, वाळू, सांडलेलं ऑइल, लोखंडी झाकणं, रंगवलेले पट्टे, ओला पाला, या सगळ्यांवरून गाडी सरळ ठेवून जा. बऱ्याच दिवसांनी पडलेल्या पावसाचा पहिला अर्धा तास सगळ्यात निसरडा असतो, साचलेलं तेल आणि धूळ तेव्हाच वर येते. टायरमधली हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. दारू घेतली असेल, अगदी थोडी, तर किल्ली घरात राहू दे. हर्ट यांच्या अभ्यासात जीव गेलेल्या अपघातांपैकी जवळपास निम्म्यांत दारूचा संबंध होता.

हेल्मेट घालता, पण कसं घालता हे बघा. पट्टा लावा, मग मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे उलटायचा प्रयत्न करा. निघालं तर ते अपघातात तुमच्या आधी रस्त्यावर पडेल. हनुवटी झाकणारंच घ्या. अनेक अभ्यास एकत्र तपासून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन संस्थेने केलेल्या परीक्षणानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो. मोटरसायकलस्वाराला हेल्मेट हवंच, हे लोकांच्या गळी उतरायलाही एक अपघात लागला. १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले माजी ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून फेकले गेले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद त्यानंतर याच विषयामागे लागले. १९४१ मध्ये त्यांनी हेल्मेटचं महत्त्व दाखवणारा लेख छापला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

माझं त्या दिवशीचं हेल्मेट बाहेरून ठीक दिसत होतं, कानाच्या वर फक्त एक ओरखडा. घरी आल्यावर आतलं कापड ओढून काढलं, तर खालच्या थर्माकोलसारख्या थरात अंगठ्याएवढा खळगा पडला होता आणि त्यातून एक बारीक चीर कडेपर्यंत गेली होती. तो थर एकदाच दबतो, दबतानाच धक्का पितो, पुन्हा वर येत नाही. म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट कितीही चांगलं दिसलं तरी पुन्हा वापरू नका, आणि कुणाचं जुनं हेल्मेट घेऊ नका, त्याच्या आत काय आहे ते बाहेरून कळत नाही.

तुमचे दोनच महिने झालेत म्हणून एक शेवटचं. हर्ट यांनी तपासलेल्या अपघातांत निम्म्याहून जास्त जणांचा त्या मोटरसायकलवरचा अनुभव पाच महिन्यांहूनही कमी होता. तर आज रात्री गेल्या आठवड्यातले ते 'थोडक्यात वाचलो' एकेक आठवून लिहून काढा. कुठे, कोणती गाडी, आणि त्या क्षणाच्या दोन सेकंद आधी तुमची नजर आणि बोटं कुठे होती. जागा त्याच त्या निघाल्या, तर उद्या तिथून जाताना आधीच ॲक्सिलरेटर सोडा. आठवड्याभराने परत लिहा, मी वाट बघते.