कॉम्प्रेसर घेण्याआधी: आर्पेजिओचं दुखणं वेगळं, सोलोचं वेगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्ट्रॅट धाटणीची सिंगल कॉइल गिटार (पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, एका वेटोळ्याचा), एक ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारा पेडल), एक डिले (प्रतिध्वनी देणारा पेडल), ऑर्केस्ट्रात हिंदी-मराठी गाणी. क्लीन (न फाटलेल्या आवाजातल्या) आर्पेजिओत, म्हणजे कॉर्डच्या नोट्स एकेक करून वाजवताना, काही नोट्स दबतात, सोलो बाकीच्या वाद्यांत हरवतो. म्हणून कॉम्प्रेसर घ्यायचाय. एमएक्सआरचा डायना कॉम्प घेऊ की बॉसचा सीएस-३?

यातल्या पहिल्या दुखण्यावर कॉम्प्रेसर हे औषध आहे. दुसऱ्यावर नाही, उलट त्याने ते वाढायचीच शक्यता जास्त. कॉम्प्रेसर जोरात वाजलेली नोट खाली दाबतो आणि मग सगळ्याचीच पातळी वर उचलतो. ४:१ गुणोत्तर म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या वर तुम्ही ४ डेसिबल गेलात, तर बाहेर १ डेसिबलच वाढतो. सोलोला पिक जोरात मारून तुम्ही पुढे यायला बघता, नेमकं तेच तो कापणार. त्याच्या आधी बूस्ट लावलात तरी आवाज फारसा वाढत नाही, दाब तेवढा वाढतो. सोलोसाठी साधा क्लीन बूस्ट (आवाज न फाडता पातळी वाढवणारा पेडल) घ्या आणि तो ओव्हरड्राइव्हच्या नंतर, डिलेच्या आधी लावा. तेही नको असेल तर ओव्हरड्राइव्हचा गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारा नॉब) कमी करून लेव्हल वाढवून बघा. बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावर भागतं.

आता आर्पेजिओ. डायना कॉम्प १९७० च्या दशकातला, नॉब दोनच: आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी (दाब किती ते). अटॅक, म्हणजे दाब किती लवकर बसतो ते, ठरलेला, तो आपल्या हातात नाही. त्यामुळे पिकचा एक ‘टक्’ निसटतो आणि मागोमाग आवाज चेपला जातो. सेन्सिटिव्हिटी वाढवली की हे स्पष्ट ऐकू येतं, वरची चकाकीही थोडी कमी होते. हा दोष म्हणायचा की स्वभाव, हे गाण्यावर ठरतं. ‘द पोलिस’ बँडच्या अँडी समर्सच्या क्लीन कॉर्ड्समध्ये फ्लँजर या लहरदार इफेक्टच्या जोडीला हाच पेडल होता. ‘लिटल फीट’ बँडच्या लोवेल जॉर्जची स्लाइड गिटार लांबच लांब टिकायची, ती भरपूर कॉम्प्रेशनच्या जोरावर. तसा चेपलेला आवाज हवा असेल तर डोळे मिटून हाच घ्या, भारी पेडल त्याहून भारी लागेलच असं नाही. पण ‘कॉम्प्रेसर लागलाय हे कळू नये’ अशी अपेक्षा असेल तर हा तुमचा पेडल नव्हे.

सीएस-३ १९८६ पासून आहे. लेव्हल, टोन, अटॅक, सस्टेन (इथे दाबाचं प्रमाण) असे चार नॉब, म्हणजे ताबा जास्त. टोन वाढवला की चकाकी परत येते, पण तिच्याबरोबर सुरसुरही येते. सस्टेन निम्म्याच्या खाली ठेवलात तर पेडल उत्तम वागतो. ‘सीएस-३ फार आवाज करतो’ म्हणणाऱ्यांचा सस्टेन नॉब कुठे आहे ते एकदा विचारा.

मला विचाराल तर या दोघांतून निवडण्याआधी ब्लेंड नॉब असलेला पेडल ऐकाच. ब्लेंडने मूळ सिग्नल आणि दाबलेला सिग्नल हव्या त्या प्रमाणात मिसळता येतो. पिकचा मूळ ठसका शाबूत राहतो आणि खालून दबलेल्या नोट्स वर येतात. तुमच्या आर्पेजिओला नेमकं हेच हवंय. किलीचा कॉम्प्रेसर प्लस, झॉटिकचा एसपी आणि वॅम्प्लरचा इगो या तिन्हींत ब्लेंड आहे. किलीवर सिंगल कॉइल आणि हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) यांच्यासाठी वेगळं बटणही आहे. नवे महाग वाटले तर वापरलेले बघा. कॉम्प्रेसर बरेच लोक हौसेने घेतात आणि ‘काही फरकच कळत नाही’ म्हणून विकतात. त्यांच्या अधीरतेचा फायदा आपण का घेऊ नये?

बजेट अगदीच कमी असेल तर म्युअरचा यलो कॉम्प. तो डायमंडच्या पिवळ्या कॉम्प्रेसरच्या वळणाचा, ऑप्टिकल जातीचा. आत प्रकाश आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा रेझिस्टर अशी जोडी असते. ती सावकाश सोडते, त्यामुळे दाब गोलसर, सौम्य वाटतो. फंकच्या तुटक स्ट्रमिंगला मला तो थोडा सुस्त वाटतो, बॅलडला छान.

आर्पेजिओत अजून एक गंमत होते. जाड ई तारेची नोट जोरात पडली की कॉम्प्रेसर दाबायला लागतो, आणि तो पूर्ण सुटायच्या आत तुम्ही वाजवलेल्या बारीक तारांच्या नोट्सही त्याच दाबाखाली सापडतात. म्हणजे ज्या नोट्स वर यायला हव्यात त्याच खाली! बॉसचा सीपी-१एक्स किंवा टीसी इलेक्ट्रॉनिकचा हायपरग्रॅव्हिटी हे खालच्या-वरच्या पट्ट्या वेगळ्या हाताळतात, तिथे हा त्रास कमी. पण आधी अंगठा जरा हलका टाकून बघा, ते फुकट आहे.

अटॅक नॉबच्या दिशेवर भरवसा ठेवू नका. सीएस-३ वर तो उजवीकडे फिरवला की पिकचा ठोका जास्त ऐकू येतो, म्हणजे दाब उशिरा बसतो. स्टुडिओतल्या ११७६ नावाच्या कॉम्प्रेसरवर उलटं: उजवीकडे फिरवलं की अटॅक वेगवान. त्याच जातीचा एमएक्सआरचा स्टुडिओ कॉम्प्रेसर घेतलात तर दाब किती बसतोय हे दाखवणारे एलईडी मिळतात. नवशिक्या कानाला त्यांची चांगली मदत होते.

दुकानात बघताना एकच पथ्य पाळा: पेडल चालू आणि बंद, दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी करून घ्या. मध्यम जोराने वाजवत लेव्हल जुळवा आणि मगच तुलना करा. नाहीतर जरा मोठा आवाज आपल्याला नेहमी ‘भरदार’ वाटतो आणि आपण फक्त व्हॉल्यूमला पैसे मोजून येतो. मग दाब ऐकू येईपर्यंत वाढवा आणि तिथून थोडा मागे या.

क्रम: गिटार, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, बूस्ट, डिले. पुढे कधी जुन्या पद्धतीचा फझ (आवाज खूप खरखरीत करणारा पेडल) घेतलात तर तो कॉम्प्रेसरच्याही आधी, कारण त्याला पिकअप थेट जोडलेला आवडतो. नॉइज गेट (ठरलेल्या पातळीखालचा आवाज अडवणारा पेडल) लावायचा झाला तर तोही आधीच. कॉम्प्रेसरनंतर हम (विजेची घरघर) आणि हळू वाजलेली नोट यांच्या पातळीत अंतरच फार उरत नाही, मग गेटने कोणाला अडवायचं?

हमवरून आठवलं, पेडलना वीज कशी देता ते तुम्ही लिहिलं नाहीत. एकाच अडॅप्टरवरून सगळ्यांना माळ लावली असेल तर मांडवात, लाइटिंगच्या वायरींशेजारी, जी घरघर आत्ता जेमतेम जाणवते तीही कॉम्प्रेसर गाण्याच्या प्रत्येक विरामात वर उचलून देईल. तशी माळ असेल तर आधी प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्या, कॉम्प्रेसर पुढच्या महिन्यात.