दोन महिने घरात बसायचंय, मोबाईल सोडून काय करू?

गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दोन महिने जिना उतरायचा नाही आणि चौथ्याच दिवशी मोबाईल बघून डोकं उठलंय, असं तुम्ही लिहिलंय. अगदी असंच माझंही झालं होतं, म्हणून लिहितोय.

मी बेळगावात वडगावला राहतो. उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम करतो. जूनअखेरीस परसात बावीजवळच्या शेवाळावरून पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, त्यापुढे वॉकर. त्यात आमच्याकडचा पाऊस! जुलैत झडी लागली की पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि धडधाकट माणूससुद्धा घरात कोंडून पडतो.

पहिले दहा दिवस मी सगळे उद्योग करून पाहिले. मोबाईल झाला, मालिका झाल्या. एकदा कुंदा करायला घेतला. स्टुलावर पाय ठेवून गॅससमोर बसलो आणि दोन लिटर दूध आटवत राहिलो. कुंद्याला तो तपकिरी रंग मंद आचेवर तासन्‌तास हलवत राहिल्याशिवाय येत नाही. मी मध्येच फोन घेतला आणि दूध बुडाला लागलं. बायकोने भांडं उचलून माझ्या हातात दिलं, "बसल्या बसल्या घासा." ते घासायला मात्र छान वेळ गेला, हे खरं सांगतो.

त्या दहा दिवसांत मला एवढंच कळलं, की काम असं पाहिजे ज्यात काल कुठवर आलो होतो ते आज डोळ्यांनी दिसतं. मालिकेत ते दिसत नाही. लेथवर दिवसभरात किती जॉब काढले ते संध्याकाळी ट्रेमध्ये समोर असतात, मला तीच सवय. रिकामा ट्रे बघून मी चिडचिडा झालो होतो, पायाच्या दुखण्याने नव्हे.

तोडगा आईने काढला. तिच्याकडे एक ट्रंक आहे. तिच्यात जुन्या इरकली साड्या, वडिलांची दोन धोतरं आणि "वाकळ शिवायची आहे" हा दहा वर्षांचा संकल्प. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, नजर अधू झालीय. मला म्हणाली, "नुसता बसून काय करालास? हात मोडलाय काय तुझा?"

मी म्हटलं, हे बायकांचं काम. ती म्हणाली, "नामदेव महाराज शिंपीच की रे." आषाढी दोन दिवसांवर आली होती. त्यावर काय बोलणार?

तर वाकळ. तुमच्याकडे गोधडी म्हणत असतील. तुम्हाला पाय लांब करून बसता येत असेल तर याहून बरं काम मला सुचत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कापड जुनं आणि सुतीच घ्या. पॉलिस्टरची साडी सुईखाली सटकते, आणि पांघरल्यावर घाम धरते. साड्या धुऊन खळ पूर्ण काढायची. फॉल उसवायचा. काठ कापून बाजूला ठेवायचे, कारण काठ जाड असतात, पाच थरांत सुई जात नाही. तेच काठ शेवटी कडेला गोट म्हणून लावायचे. साडी साधारण साडेपाच मीटरची असते. सात फुटांचे दोन तुकडे काढून सव्वा मीटर उरतो. दोन साड्यांचे चार थर झाले आणि दोन उरलेले तुकडे जोडून पाचवा. काठ काढल्यावर रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास राहते, एका माणसाला पुरते. आम्ही धोतरं मधल्या थरांना वापरली आणि वरचा थर ठिगळांचा केला. ठिगळं गल्लीतूनच जमली. वडगावात दर दोन घरांआड माग आहे, चिंध्यांना तोटा नाही. पण मागावरचा रेशमी दोरा फुकट मिळतोय म्हणून वापरू नका. मी वापरला, तो सटासट तुटला. सुतीच दोरा आणा, दुहेरी घ्या, मेणबत्तीवरून ओढून घ्या.

आमच्याकडे थर जमिनीवर अंथरून त्यावर बसून शिवतात. प्लास्टरमध्ये ते जमणार नव्हतं. मी कॉटवर अंथरलं, पाय उशीवर, आणि काम पुढे सरकेल तसं कापड ओढून घ्यायचो. तुम्हालाही तेच करावं लागेल.

धावदोरा, म्हणजे सुई वरखाली करत घातलेला साधा टाका, कुठून सुरू करायचा यावर आमच्या घरात दोन पंथ आहेत. आई एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सरळ ओळी घालणारी. माझी मावशी उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळकडे दिलेली. तिकडे सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत, मूळचे आफ्रिकेतले, कित्येक पिढ्यांपासून त्या रानात राहणारे. त्यांच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात ती कडेपासून, चौकोनात चौकोन घालत मध्यावर येऊन संपवतात. आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. फुलं नसलेली कवंदी त्यांना उघडी वाटते. मी मावशीच्या पंथाला गेलो, कारण चौकोन लहान लहान होत जातो आणि आपण किती आत आलो ते रोज दिसतं.

पहिल्या दिवशी मी स्टीलची पट्टी घेऊन बसलो. टाका तीन मिलिमीटर, ओळीचं अंतर वीस मिलिमीटर, पेन्सिलने खुणा. आईने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "लेथवर बसलास काय? बोटानं माप की." बोटभर अंतर म्हणजे पाऊण इंच धरा. सात फूट बाय साडेतीन फूट वाकळेला त्या हिशोबाने जवळजवळ १२० मीटर धावदोरा होतो. हा आकडा काढला तेव्हा मला आधी घाम फुटला आणि मग बरं वाटलं. रोज चार मीटर, महिनाभराचं काम. ट्रे भरायला लागला.

तिसऱ्या चौकोनाला कापड मध्ये फुगून वर आलं. थर एकमेकांवरून सरकले होते. शिवण्याआधी मधून कडेकडे सपाट करत मोठ्या टाक्यांनी कच्चा दोरा घालायचा असतो, तो मी घाईत घातलाच नव्हता. लेथवर जॉब नीट न आवळता टूल लावावं तसला हा प्रकार. दोन दिवसांचं काम उसवलं. तुम्ही कच्चा दोरा घाला, शेवटी काढून टाकता येतो.

बाकी बारीकसारीक असं. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गाठी पडतात, आई म्हणते लांब दोरेवाल्याचं काम लांबतंय. दाभण नको, ते पोत्याला. वाकळेची लांब सुई मिळते ती आणा, आणि मधल्या बोटात अंगुस्तान घाला, नाहीतर तिसऱ्या दिवशी बोटाची चाळण होते. गाठ थरांच्या आत लपवायची, वर राहिली तर टोचते. मान मात्र फार दुखते. मी एक नियम केला होता: एक दोरा संपला की सुई टोचून ठेवायची, मान सरळ करायची आणि डॉक्टरांनी सांगितलेली पायाची बोटं हलवायची, दहा वेळा. तो व्यायाम एरवी मी नक्की टाळला असता. तुमच्या डॉक्टरांनी जो दिला असेल तो दोऱ्याला बांधून टाका.

कारखान्यातले सोबती बघायला आले की हसायचे. एकाने तर फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर टाकला. पुढच्या रविवारी तोच आला आणि अर्धा तास शिवून गेला. त्याचे टाके माझ्यापेक्षा सरळ आहेत, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

सुईकाम उजेडाचं. साडेपाचला ढग दाटले की बंद, आणि वीज गेली की प्रश्नच मिटला. त्या वेळेला मी कानडी वाचायला शिकलो. बोलतो मी चांगलं, इथे बोलल्याशिवाय दिवस जात नाही. पण शाळेतलं वाचणं कधीच पुसून गेलं होतं, बसची पाटी दुसऱ्याला विचारायचो. शेजारचा चौथीतला पोरगा मास्तर झाला. बेळगाव कुणाचं हा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो लागेल तेव्हा लागेल. मला बस आज पकडायची असते. क्रम आपलाच आहे, क ख ग घ. फक्त ए आणि ओ दोन दोन, एक ऱ्हस्व, एक दीर्घ, तिथे मराठी माणूस घसरतो. बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर एक छोटी खूण असते, तिला तलकट्टू म्हणतात. ती ओळखीची झाली की अक्षरं सुटी दिसायला लागतात. रोज पाच अक्षरं, वीस मिनिटं, त्याहून जास्त मास्तर बसायचे नाहीत. फी रोज एक चिक्की. तुमच्या गावात असं काही नसेल तर हे सोडून द्या.

वाकळ व्हायला पाच आठवडे लागले. शेवटचं काम कोपऱ्यांच्या फुलांचं. तीन कोपरे झाले, चौथ्याची घडी शिवणार तेवढ्यात आईने हात धरला. आत जाऊन भाकरीचा एवढासा तुकडा घेऊन आली आणि घडीत सारला. वाकळ उपाशी शिवू नये म्हणे, पोटात काहीतरी पाहिजे.

मी म्हटलं, उंदीर कुरतडतील की.

"दोन महिने बसून खाल्लंस," ती म्हणाली, "तिला एक घास देताना हात आखडतोय काय?"