कोब्रा कमांडरच्या मुखवट्यामागे नक्की कोण आहे? त्याचं खरं नाव कधी कळतं का?

'जी. आय. जो' या अमेरिकन खेळण्यांच्या, कॉमिकच्या आणि कार्टूनच्या मालिकेतला खलनायक कोब्रा कमांडर याच्याबद्दल विचारताय, तर याची दोन उत्तरं आहेत: एक कार्टूनचं, एक कॉमिकचं. दोन्हींचा एकमेकांशी काही मेळ नाही आणि मला कॉमिकचंच पटतं.

कार्टूनचं चटकन सांगतो. १९८७ च्या अ‍ॅनिमेशनपटात तो आपल्यासारखा माणूसच नाही असं दाखवलंय. हिमालयातल्या कोब्रा-ला नावाच्या गुप्त राज्यातला तो शास्त्रज्ञ. प्रयोग अंगावर उलटला आणि तोंडावर भलतेच डोळे उगवले. इतकं दाखवल्यावर त्याची भीतीच संपली.

कॉमिकची गोष्ट वेगळी. १९८२ साली हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने पावणेचार इंची सैनिक बाजारात आणायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्याकडे शत्रू नव्हताच. कोब्रा ही शत्रूची संघटना मार्व्हलवाल्यांनी सुचवली. मार्व्हलचं कॉमिक लिहायचे लॅरी हामा आणि खेळण्यांच्या पाकिटामागची माहितीची कार्डंही तेच लिहायचे. कमांडरचं खरं नाव त्यांनी गुलदस्त्यातच ठेवलं. भूतकाळ मात्र सांगितला: हा एकेकाळी जुन्या गाड्या विकणारा माणूस. भाऊ व्हिएतनामहून परतलेला सैनिक, तो गाडीच्या अपघातात गेला. त्याच अपघातात स्नेक-आईजचं, म्हणजे जो-पथकातल्या मुखवटाधारी कमांडोचं, अख्खं कुटुंब गेलं. कमांडरने सगळ्याचा दोष सरकारला दिला, आणि त्या रागातून कोब्रा उभी राहिली. मला तो खरा वाटतो तो यामुळेच. असा कडवटपणा मनात धरून बसलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात.

मुखवट्याचा खरा उपयोग हामांनी ६१ व्या अंकात केलाय. कमांडरचा मुलगा बिली बापाविरुद्ध गेलेला, स्फोटात एक पाय आणि एक डोळा गमावलेला. त्याच्या उशाशी बसून कमांडरचं मन पालटतं, हे सगळं सोडून द्यावं असं त्याला वाटू लागतं. कमांडरसाठी नवं चिलखत बनवणारा फ्रेड हा त्याचा कट्टर अनुयायी. त्याला हा विश्वासघात वाटतो आणि तो कमांडरला पाठीत गोळी घालतो. मग तेच चिलखत स्वतः चढवून तो कोब्राच्या गादीवर बसतो! फौजेला पत्ताच लागत नाही. चेहरा कधी पाहिलेलाच नसेल तर माणूस बदललाय हे ओळखणार कसं? कोब्राच्या गादीवर दावा सांगणाऱ्या सर्पेंटॉरविरुद्धचं यादवी युद्धसुद्धा हा तोतयाच लढतो.

खरा कमांडर ९८ व्या अंकात परत येतो. येतो तो सुधारलेला बाप म्हणून नाही, तर सूड घ्यायला. फ्रेडला आणि ज्यांच्यावर संशय आहे अशा बाकीच्यांना तो एका जहाजात जिवंत कोंडतो. तो प्रसंग वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं, कारण हॉस्पिटलात मुलापाशी बसलेला माणूस आपण आधी पाहिलेला असतो.

तेव्हा नाव शोधण्यात वेळ घालवू नका. २६-२७ हे स्नेक-आईजच्या पूर्वायुष्याचे अंक आधी वाचा आणि मग थेट ६१ व्या अंकाकडे जा.