नोकरी सोडा, पण स्टुडिओ आत्ता नको

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला आणि वहीच्या पानांचे फोटो अगदी झूम करून करून बघितले. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई नाशिकला एका कंपनीत अकाउंट्सला आहेत, हातात ४८,००० येतात. सकाळी ६ ला सोसायटीच्या हॉलमधे योगा आणि मोबिलिटीची बॅच घेतात, फी महिना १,२००, आणि रात्री एक ऑनलाइन बॅच, फी १,५००. आता गंगापूर रोडला ६०० स्क्वेअर फुटांची जागा मिळतेय, भाडं २८,०००, डिपॉझिट दीड लाख, आणि फ्लोअरिंग, आरसे, एसी धरून अजून साडेतीन लाख. म्हणजे ५ लाखांचं मुद्रा लोन काढायचं, पुढच्या महिन्यात राजीनामा द्यायचा, असा बेत आहे. करू का, असं विचारलंय.

ताई, तुम्ही दोन निर्णयांची एकच गाठ मारलीये. नोकरी सोडणं वेगळं आणि जागा घेणं वेगळं. नोकरी सोडायला माझी हरकत नाही, फक्त थोडं थांबून. जागेला मात्र आत्ता सरळ नाही म्हणतो.

तुम्ही लिहिलंय "महिना ३५,००० येतात". ते जानेवारीत आले, तेव्हा वहीत २७ नावांपुढे फीची टिक आहे. मे महिन्याचं पान उघडा, तिथे १४ च टिका आहेत, मुलांच्या सुट्ट्या, लग्नं, गावाला जाणं, आणि फक्त १८,३०० जमा. मी तुमच्याच वहीतले बारा महिने मांडले तर बेरीज ३,०४,००० होते, म्हणजे महिन्याला साधारण २५,३००, त्यातून हॉलचे ४,००० आणि बाकी किरकोळ १,५०० गेले की हातात २० हजाराच्या आत. हे वाईट अजिबात नाही, नोकरी सांभाळून एकटीने हे उभं केलंय तुम्ही, पण कर्ज काढताना आकडा मे चा धरायचा असतो, जानेवारीचा नाही.

आता जागेचं बघू. भाडं २८,०००, लोनचा हप्ता (१२ टक्के, ५ वर्षं धरून) ११,१०० च्या आसपास, लाइट, झाडू-पोछा, मेंटेनन्स ७,०००. झाले ४६,१००. सरासरी फी १,४०० धरली तर ३३ माणसं आली की फक्त खर्च भागतो, तुम्हाला रुपया नाही. आत्ताचा पगार त्यातून काढायचा तर ६७-६८ माणसं लागतात. ६०० फुटात मॅट टाकून हात-पाय पसरायला मिळतील अशी एका वेळी १२ च बसतात, म्हणजे रोजच्या सहा बॅच. सहा वेळा सूर्यनमस्कार दाखवायचे, सहा वेळा स्क्वॉट करून दाखवायचे, रोज! या धंद्यातलं मशीन म्हणजे तुमचे गुडघे आणि कंबर आहे हो, त्याला सुट्टी लागते. माझ्याकडे एक झुंबा शिकवणाऱ्या बाई येतात, लिगामेंट गेलं आणि तीन महिने बॅच बंद, भाडं मात्र चालूच होतं.

आणि अॅग्रीमेंटमधला २४ महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे त्याआधी जागा सोडता येणार नाही ही अट, नीट वाचा. आठव्या महिन्यात बंद करावं लागलं तर उरलेल्या १६ महिन्यांचे ४,४८,००० मालक मागू शकतो. मालक जीएसटीत नोंदलेला आहे का तेही विचारा, असेल तर भाड्यावर १८ टक्के, म्हणजे २८ चे ३३,०४० होतात. तुम्हाला स्वतःला मात्र वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नंबर घ्यायची गरज नाही, एजंट काहीही म्हणू दे.

आता नोकरी. तुम्हाला ४ वर्षं ४ महिने झालेत, एप्रिलमधे ५ पूर्ण. बेसिक २६,००० आहे म्हणजे ग्रॅच्युइटी (पाच वर्षं पूर्ण झाल्यावर नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) दर वर्षाला १५,०००, पाच वर्षांचे ७५,०००. आठ महिन्यांसाठी हे सोडून देऊ नका. दुसरं म्हणजे कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. तुम्हाला थायरॉइड आहे, आधीपासूनच्या आजाराला नवीन पॉलिसीत ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, म्हणून स्वतःची पॉलिसी याच महिन्यात काढा, फॉर्मवर थायरॉइड स्पष्ट लिहून. वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, तेवढं स्वस्तही पडेल. सोबत पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी घ्या, त्यात अपघाताने काम बंद पडलं तर दर आठवड्याला पैसे देणारं कव्हर आहे ना ते बघून घ्या, तुमच्यासाठी ते सगळ्यात महत्त्वाचं.

मधल्या काळात तासावर जागा शोधा. मंगल कार्यालयाचे हॉल आठवड्यातल्या सकाळी रिकामेच असतात, डान्स क्लासवाले दुपारी देतात. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधे एचआरला भेटा, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना पाठ-मानेचं सेशन हवंच असतं आणि तिथे जागा त्यांचीच. फी महिन्याची न घेता तिमाहीची घ्या, तीन महिन्यांचे ३,३०० केले तरी चालेल, मार्चमधे भरलेला माणूस मे मधे गळत नाही. फक्त ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवून दर महिन्याला तिसरा हिस्साच उचलायचा, न घेतलेल्या क्लासचे पैसे अजून तुमचे नाहीत.

एप्रिलला पाच वर्षं होतील, मे संपेपर्यंत थांबा. मे मधे बॅचच्या फीतून खर्च जाऊन ३०,००० उरले आणि तुमची ३ लाख २० हजारांची एफडी तशीच असेल, तर जूनमधे राजीनामा द्या, मी स्वतः सांगेन द्या म्हणून. मिस्टरांच्या पगारातून घराचा हप्ता जातोय तोवर तेवढ्यात घर चालतं, हे तुम्हीच लिहिलंय. स्टुडिओचं त्यानंतर एक वर्षाने बघू, तेव्हा ४० माणसं आधीच तुमच्याकडे असतील आणि लॉक-इन ६ महिन्यांवर आणायला तुम्ही भांडू शकाल.

एजंट रविवारपर्यंत २५,००० टोकन मागतोय ना, ते देऊ नका. दिलं असेल तर पावती आणि त्यावर काय लिहिलंय त्याचा फोटो आजच पाठवा.