सायको आणि मागीलदारची न्हाणी

प्रश्न : दिग्दर्शक हिचकॉकच्या ‘सायको’ या भयपटाबद्दल लहानपणापासून ऐकत आलो. परवा मोबाइलवर पाहिला, पण भीती काही वाटली नाही. तुम्ही पहिल्यांदा पाहिलात तेव्हा खरंच घाबरला होतात का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : घाबरलो होतो, आणि तेही चारचौघांत बसून. १९८६ची चतुर्थी, मालवणजवळचं आमचं घर. भजन आटोपलं, उसळ-पाव झाला आणि पडवीत भाड्याचा कलर टीव्ही-व्हीसीआर लागला. कॅसेट मुंबईच्या आतेभावाची. गणपतीसमोर असलं नको, म्हणून आजीने मधलं दार लोटून घेतलं. चित्र सुरू होताच काका कडाडले, ‘‘पैशे कलरचे घेतल्यान आणि पिक्चर काळोपांढरो?’’ (त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप, हे मी फार नंतर वाचलं. काळ्यापांढऱ्यात खपून गेलं.)

इंग्रजी कोणाला फारसं कळत नव्हतं. आतेभाव अधूनमधून सांगायचा. मग न्हाणीघरातल्या खुनाचा तो प्रसंग आला. शॉवरमधून वरून पाणी पडतं हेच आम्हाला नवल, त्यात पडद्याआड ती सावली. संगीतकार हर्मनने नुसती तंतुवाद्यं वापरली आहेत. ती अशी किंचाळली, की कॅसेट अडकली समजून व्हिडिओवाला व्हीसीआरकडे धावला. सारा प्रसंग पाऊण मिनिटाचा. चित्रीकरणाला मात्र सात दिवस लागले होते.

भांडी घासून काकी आली ती यानंतर. ‘‘मगाशी होती ती बाई खंय गेली?’’ मेली, म्हटलं तर तिला पटेना. हिरॉइन अर्ध्यात कशी मरेल? ती शेवटपर्यंत वाट बघत बसली. १९६०मध्ये हिचकॉकने चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नका असा दंडक घातला होता, तो याच धास्तीने. त्याला आमची काकी आधीच दिसली असावी.

खरी भीती सकाळी. आमची न्हाणी मागीलदारी, माडांच्या आळ्यापलीकडे. दार नाही, जुन्या चादरीचा पडदा. तिथल्या वाटेवरचा देवचार (वाट राखणारं भूत) आम्हाला ठाऊक होता. त्याला राखण दिली, गाऱ्हाणं घातलं की तो वाट सोडतो. पण हा ‘सायको’तला खुनी नॉर्मन साधा, हसतमुख, लॉज चालवणारा पोरगा, पाहुणीला जेवू घालणारा. याच्यासाठी गाऱ्हाणं घालायचं कोणाला? आमच्या गावात अशी साधी, हसतमुख माणसं ढिगाने होती, त्यांच्याकडेही मी दोन दिवस संशयाने पाहिलं.

आतेभाऊ तर आंघोळीला जाताना मला बाहेर उभं करून आरती म्हणायला लावायचा. मी थांबलो की साबणाच्या तोंडाने ओरडायचा. एकदा मी मुद्दाम थांबलो आणि पडदा हलवला. तांब्या माझ्या कपाळावर बसला, त्याची खूण अजून आहे.

तुम्ही मोबाइलवर पाहिलात, बहुधा भरदिवसा. तुमच्या न्हाणीघराला आतून कडीही असेल.